हृदयाचे एकाहून जास्त आजार: छोट्या छेदाची शस्त्रक्रिया चालते का?

"एक झडप अरुंद आहे, दुसरी गळते आणि ठोकेही अनियमित आहेत." टूडी इकोनंतर हे ऐकले की घरचे घाबरतात. पण हे तिन्ही त्रास बहुधा एकाच मुळातून येतात. लहानपणीच्या रुमॅटिक तापाने मायट्रल झडप अरुंद होते. त्यामुळे डावा वरचा कप्पा फुगतो, ठोके बिघडतात, फुप्फुसांतला दाब वाढतो आणि उजवीकडची ट्रायकस्पिड झडप गळू लागते.

शस्त्रक्रिया कशी होते?
नेहमीच्या पद्धतीत छातीचे मधले हाड कापतात. छोट्या छेदाच्या पद्धतीत उजव्या बाजूला, दोन बरगड्यांमधून साधारण ५ ते ८ सेंटिमीटरचा छेद घेतात. हार्ट-लंग मशीन जांघेतील रक्तवाहिन्यांतून जोडतात. त्याच छेदातून मायट्रल झडप दुरुस्त करणे किंवा बदलणे, ट्रायकस्पिड झडपेला रिंग बसवणे आणि ठोक्यांसाठी अ‍ॅब्लेशन करणे शक्य असते. हाड जुळायला लागणारे ६ ते ८ आठवडे वाचतात. तरीही हृदयावरचे ऑपरेशन तेवढेच मोठे असते.

कोणाला योग्य नाही?
• जांघेच्या रक्तवाहिन्या किंवा महाधमनी खूप कडक झाली असेल
• टीबी किंवा जुन्या ऑपरेशनमुळे उजवे फुप्फुस छातीला चिकटले असेल
• झडपेसोबत अनेक ब्लॉकेजसाठी बायपास लागणार असेल

एखादेच ब्लॉकेज असेल, तर काही रुग्णांत आधी स्टेंट आणि नंतर छोट्या छेदातून झडप, असा मार्ग निघतो.

देगलूरहून निघण्यापूर्वी
नांदेडला जा किंवा हैदराबादला, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना त्या रुग्णालयात आणि याच शस्त्रक्रियेसाठी लागू आहे का, ते आधी विचारा. धातूची झडप बसली तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर तपासणी नियमित करावी लागते. ती गावाजवळ कुठे होईल, हे सुट्टी मिळण्यापूर्वीच ठरवा. पुढे मूल हवे असलेल्या स्त्रियांनी झडप निवडण्याआधीच डॉक्टरांना तसे सांगावे. ही गोळी गर्भाला धोकादायक ठरू शकते.

बोलणे अडखळले, एक बाजू लुळी पडली, दम वाढला किंवा ताप आला, तर थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा.

डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "छोट्या छेदातून सगळे दोष पूर्ण दुरुस्त होतील का?" उत्तर 'नाही' असेल, तर मोठा छेदच सुरक्षित.