तारमास्तरांचं मौन

माझे वडील तीस वर्षं तारमास्तर होते. कुणाच्या घरात कोण गेलं, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुठल्या व्यापाऱ्याचा माल अडकला, हे त्या त्या घराच्या आधी बाबांना कळायचं. मोर्सच्या कट्ट-कडकट्टमधून अक्षर न् अक्षर उतरवायचं, म्हणजे मजकूर वाचावाच लागे. एकदा शेजारच्या काकूंचे वडील गेल्याची तार त्यांनीच उतरवली. दुपारी घरी येऊन ते मुकाट जेवले. शिपाई तार घेऊन काकूंच्या दारात पोहोचला, तेव्हा आईलाही ते पहिल्यांदाच समजलं.

या मौनामागे १८८५ चा तार कायदा होता. मजकूर फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. पण त्याच कायद्याच्या पाचव्या कलमानं सरकारला मात्र आणीबाणीचं किंवा सार्वजनिक सुरक्षेचं कारण देऊन संदेश अडवण्याची, वाचण्याची मुभा दिली. इंग्रज गेले, कलम राहिलं. १९८६ मध्ये टपाल अडवण्याचा अधिकार वाढवणारं विधेयक संसदेनं मंजूर केलं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि त्याचा कायदा झालाच नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फोन चोरून ऐकण्याला लगाम घातला: गृहसचिवाचा आदेश हवा, तो दोन महिने चालेल, वाढवला तरी एकूण सहा महिनेच. सरकारला निदान मुदत पाळावी लागू लागली.

जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. त्याच्या महिनाभर आधी एडवर्ड स्नोडेननं उघड केलेल्या कागदपत्रांतून जगाला कळलं, की अमेरिकेची गुप्तहेर संस्था गूगल, फेसबुक यांसारख्या कंपन्यांकडून लोकांची माहिती मिळवते. तारेला कान लावायची गरजच उरली नव्हती. आपण कुणाशी बोलतो, कुठे जातो, काय शोधतो, हे कंपन्यांनी धंद्यासाठी आधीच साठवलं होतं. त्यासाठी त्यांना ना आणीबाणी लागली, ना गृहसचिवाची सही. 'मान्य आहे' या बटणावरचं आपलं बोट पुरलं.

म्हणून सरकार जास्त धोक्याचं की कंपनी, हा वाद मला अपुरा वाटतो. एकाची कोठी दुसऱ्याला उघडते. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरी २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात केंद्राला आपल्या यंत्रणांना सूट देता येते. ज्याच्या हाती आपला मजकूर पडतो, त्याच्यावर बाबांइतकंच बंधन हवं, मग तो पगार कुणाचाही घेत असो.

तारसेवेच्या शेवटच्या आठवड्यात बाबा रांगेत उभे राहिले आणि त्यांनी मला एक तार केली. त्यातले शब्द त्यांना, मला आणि ती घेणाऱ्या तारमास्तरांना ठाऊक आहेत. चौथ्या कुणाला हवे असतील, तर त्यानं आधी मला विचारावं.