भूदलाची हेलिकॉप्टरे : युद्धनौकांवरील वापर

जमिनीवरच्या तळासाठी बांधलेले हेलिकॉप्टर युद्धनौकेवरून चालवणे दिसते त्याहून पुष्कळ अवघड असते. ठळक उदाहरण ब्रिटिश भूदलाच्या अपाचेचे. २०११ मधील लिबियाच्या मोहिमेत ही हेलिकॉप्टरे ‘एचएमएस ओशन’ या जहाजावरून उडाली. जूनच्या आरंभी ब्रेगा परिसरात त्यांनी पहिले हल्ले केले.

खरा शत्रू खारी हवा. सांधे, विद्युतजोडण्या, इंजिनाची पाती यांवर क्षार साचून गंज चढतो. म्हणून सारे यंत्र गोड्या पाण्याने वारंवार धुवावे लागते. जहाजाच्या पोटातील हँगरमध्ये मावावे म्हणून पंख्याची पाती दुमडावी लागतात. ब्रिटिश अपाचेत ती सोय मुळातच होती. डोलत्या डेकवर उतरल्यावर हेलिकॉप्टर साखळ्यांनी जखडतात. जहाजाच्या रडारलहरींचा दारूगोळ्याला धोका नाही ना, हेही आधी तपासावे लागते.

सर्वांत बिकट प्रश्न माणसांचा. पाण्यात पडलेले हेलिकॉप्टर वरच्या बाजूच्या जड इंजिनांमुळे बहुधा उलटते. त्यामुळे वैमानिकांकडून तलावात बुडवलेल्या नकली कॉकपिटमधून, अंधारात आणि उलट्या अवस्थेत बाहेर पडण्याचा सराव करून घेतात. या सरावाविना भूदलाच्या वैमानिकाला समुद्रावर पाठवणे अक्षम्य होय.