संत्र्याच्या मुलखातील उद्योजकतेचे शिक्षण



'उद्योजकता' हा शब्द विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात अलीकडे रुळला. ती शिकविण्याची धडपड मात्र जुनी आहे. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा आपले सौंसर-पांढुर्णा मध्यप्रांतातच होते. मे १९३० मध्ये कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्र यांच्या अध्यापनासाठी सुमारे ३५ लक्ष रुपये या विद्यापीठास ठेवले. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. भूवैज्ञानिक ज्या मँगनीजयुक्त खडकसमूहाला सौंसरचे नाव देतात, त्या मुलखातून खनिज बाहेर जात होते. त्यावर प्रक्रिया करण्याची विद्या मात्र येथे कोणी आणली नव्हती. ती हवी असेल त्याने नागपूर गाठावे, अशी स्थिती होती.

ज्याला नागपूर गाठणे शक्य नव्हते, त्याचे विद्यापीठ म्हणजे छापील कागद. किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली. नागपूरचे 'उद्यम' मासिक शेती आणि धंद्याची माहिती साध्या मराठीत देई. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी या लेखनाची पुरेशी दखल घेतलेली नाही, असे माझे मत आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतरचना बदलली. राजधानी भोपाळ झाली. घरची भाषा मराठी राहिली, शाळेची बहुतांशी हिंदी. १९८८ साली महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश या दोन्ही राज्यांनी उद्योजकता विकास केंद्रे स्थापिली. प्रकल्प अहवाल कसा लिहावा, बँकेपुढे तो कसा मांडावा, हे तेथे शिकविले जाई. त्यानंतर थोड्याच वर्षांत बोरगावला रेमंडचा कारखाना आला. त्याने नोकऱ्या दिल्या. परंतु नोकरी देणे आणि उद्योजक घडविणे ही दोन भिन्न कार्ये होत.

डिजिटल साधनांनी प्रथम अंतर मोडले. २००३ साली आयआयटींच्या व्याख्यानांचा 'एनपीटीईएल' उपक्रम सुरू झाला, २०१७ मध्ये 'स्वयम्' आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत पाठ्यक्रम त्यावरून पूर्ण करण्याची मुभा दिली. छिंदवाड्यास २०१९ साली विद्यापीठ झाले, आणि २०२१-२२ पासून राज्यातील पदवी अभ्यासक्रमात व्यावसायिक विषय व प्रकल्पकार्य आले. सौंसरचा विद्यार्थी आज मद्रासच्या प्राध्यापकाचे व्याख्यान घरी ऐकू शकतो. ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि व्याख्यान पडद्यावर आले म्हणजे शिक्षण बदलले असे मी मानीत नाही. पर्यायांवर खुणा करून घेतलेल्या परीक्षेत उद्योजकता मोजता येत नाही. शिवाय पडद्यावरची उदाहरणे बहुधा महानगरांतली, भाषा इंग्रजी वा हिंदी. आंबिया बहार आणि मृग बहार यांतील फरक ज्याला लहानपणापासून ठाऊक, त्या मुलाला आपले ज्ञान या विषयात मोडते हेच कळत नाही.

खरा बदल दुसरीकडे आहे. आपल्याकडे पुष्कळदा फळ झाडावर असतानाच व्यापारी येतो, बाग नजरेने जोखतो आणि एकरकमी सौदा होतो. बागाईतदाराजवळ मोजमाप नसते. आता त्याच्या मुलाच्या हाती मोबाईल आहे. झाडागणिक फळांची नोंद, औषध-खतांचा खर्च, मजुरी, नागपूरच्या कळमना बाजारातील भाव, हे सारे एका ठिकाणी लिहिता येते. २०१६ पासून यूपीआयमुळे देण्याघेण्याची तारीखवार नोंदही आपोआप राहते. पूर्वी जे ज्ञान व्यापाऱ्याच्या डोळ्यांत होते, ते आता विद्यार्थ्याच्या वहीत उतरू शकते. विद्यापीठाने एका बागेचा एका बहाराचा हिशेब हेच प्रकल्पकार्य मानावे, तो घरच्या मराठीत लिहू द्यावा, आणि मराठी वाचू शकणारा परीक्षक नेमावा. सीमेवरच्या महाविद्यालयांना परीक्षक मिळणे कठीण नाही; नागपूर जवळ आहे.

असा हिशेब मांडणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसेल. व्यापाऱ्याला सर्रास लुटारू म्हणणे सोपे असते. परंतु गारपिटीचा धोका, तोडणीची मजुरी, वाहतूक आणि वाटेत सडणारा माल हे आकडे खाली मांडले की त्याचा नफा किती उरतो, आणि तो धोका आपण पत्करण्यास तयार आहोत काय, हे त्या मुलाला स्वतःच ठरवावे लागेल.