विष्णुक्रांत

विष्णुक्रांत (इव्हॉल्व्ह्युलस ॲल्सिनॉइडिस, हरिणपदी कुल) ही जमिनीलगत पसरणारी, निळ्या फुलांची बहुवर्षायू रानवनस्पती. उष्ण प्रदेशांत ती दूरवर पसरली आहे. मुरमाड, उथळ, उन्हाने तापणारी जमीन तिला मानवते. सोलापूरचा माळ असाच आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलांच्या कारखान्यांभोवती, रिकाम्या प्लॉटवर जो मुरूम उघडा राहतो, तसली जमीन तिची. पाणी तुटले की वरचा भाग वाळतो, पण काष्ठमय मूळ तग धरते आणि पावसाबरोबर पुन्हा फुटते. अंगभर रेशमी लव, दोऱ्यासारखा देठ आणि त्याच्या टोकाला सदऱ्याच्या बटणाएवढे फिकट निळे, मध्यभागी पांढरट फूल. ते सकाळी उमलते आणि दिवस चढला की मिटते.

बाजारात हीच वनस्पती अनेकदा ‘शंखपुष्पी’ म्हणून विकली जाते. ही सरमिसळ थांबायला हवी. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशातील शंखपुष्पी म्हणजे कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रजातीतील वनस्पती. तिचे फूल पांढरे-गुलाबी, नरसाळ्यासारखे. विष्णुक्रांतीचे चकतीसारखे पसरट. भिंगाखाली फरक पक्का होतो : शंखपुष्पीत एकच परागवाहिनी, तिला दोन टोके, विष्णुक्रांतीत दोन परागवाहिन्या आणि प्रत्येक पुन्हा दुभंगलेली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसनेही १७५३ मध्ये विष्णुक्रांतीला कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्येच घातले होते; १७६२ मध्ये मात्र इव्हॉल्व्ह्युलस ही वेगळी प्रजाती केली. त्या नावाचा रोख ‘उलगडलेली’ असा आहे, कारण गारवेलीसारखा विळखा ही घालत नाही.

दोन्ही एकाच कुलातल्या, परंपरेने एकमेकींऐवजी वापरलेल्या, मग भेद कशाला, असा आक्षेप येतो. पण रताळेही त्याच कुलातले. कुलाच्या नात्याने गुणधर्म सिद्ध होत नाहीत. शिवाय परंपराही एकमुखी नाही : केरळात शंखपुष्पी म्हणून गोकर्ण वापरतात, आणि विष्णुक्रांत तिथल्या दशपुष्पांत, म्हणजे परंपरेने मानलेल्या दहा वनस्पतींत, स्वतःच्या नावाने मान मिळवते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘विष्णुक्रांता’ हे नावही निर्विवाद नाही. भावप्रकाश या आयुर्वेदग्रंथात ते अपराजितेच्या, म्हणजे गोकर्णाच्या, पर्यायांत येते. हे मान्यच करावे लागते, आणि म्हणून जुन्या ग्रंथातला प्रत्येक उल्लेख डोळे मिटून या रोपाला लावता येत नाही. तरी गोकर्ण ही शेंग धरणारी, संयुक्त पानांची वेल; रोप हातात असताना गफलतीला जागा नाही. गफलत होते ती वाळलेल्या, चुरलेल्या मालात. तिथे फूल उरत नाही. नावावर विश्वास ठेवावा लागतो. आणि औषधासाठी पंचांग, म्हणजे मुळासकट सगळे रोप, उपटले जाते. एका नावाखाली तीन वनस्पती खपू लागल्या की मागणी पुरवायला जवळच्या माळावरचे, फुकट मिळणारे रोप आधी उपटले जाते. उन्हाळा काढणारे मूळच गेले, तर त्या रोपाला पुढच्या पावसात फुटवा येत नाही.