ठराव झाला, मंग?

आमच्या जळगाव जामोदात एखादा पोट्टा ‘नगरपरिषदेत ठराव पास झाला’ म्हणत नाचत आला, की मी त्याला महाड सांगतो.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला. त्याला धरून महाड नगरपालिकेनं ५ जानेवारी १९२४ ला चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर! अंमल शून्य. बाबासाहेबांसोबत आपल्या माणसांनी पाण्याला हात लावला तो २० मार्च १९२७ ला. अन् त्याच नगरपालिकेनं ४ ऑगस्ट १९२७ ला ठराव रद्द केला. तारीख पाहा गड्याहो, बोले ठरावाचीच! बहुमतानं दिलं, बहुमतानंच काढून घेतलं. मज्जावाची रूढी अनादी आहे हे सवर्ण वाद्यांना सिद्ध करता आलं नाही, असा हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला.

एवढं ऐकून पोट्टा गप होतो. मंग मी विचारतो, ठरावाची नक्कल आणली का?