जित्याची खोड

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण आपण तपकीर ओढणाऱ्या आजोबांपासून उधारी बुडविणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत सर्वांना लावतो आणि हसून मोकळे होतो. पण स्त्रियांवर किंवा अजाण मुलांवर अत्याचार केलेला माणूस शिक्षा भोगून तुरुंगाबाहेर पडतो, तेव्हा हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. तो कोणाच्या तरी आळीत राहायला येणार असतो. त्याची खोड तुरुंगातच घालविता येईल काय? फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कडू वाटेल खरा. पण कारीट फोडून कडू रस जिभेला लावल्यावाचून आपली दिवाळी तरी कुठे सुरू होते?

१९७४ साली अमेरिकेत रॉबर्ट मार्टिन्सन या समाजशास्त्रज्ञाने कैदी सुधारण्याच्या नाना प्रयोगांची छाननी केली. तिच्यातून लोकांनी एवढाच अर्थ उचलला की, काही केल्या उपयोग होत नाही. १९७९ साली मार्टिन्सनने स्वतःच आपले मत पुष्कळसे मागे घेतले. पण तोवर बाण सुटला होता.

इंग्लंडने तरीही धीर सोडला नाही. १९९० साली मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात दंगल उसळली, तेव्हा इतर कैद्यांनी या जातीच्या गुन्हेगारांना वेचून मारले. पुढल्याच वर्षी सरकारने त्यांच्यासाठी देशव्यापी उपचार योजना जाहीर केली. कैद्यांच्या लहान गटाने वर्तुळात बसायचे, प्रत्येकाने आपला गुन्हा सर्वांसमक्ष सांगायचा, त्यावरचे सबबींचे पांघरूण दूर करायचे आणि ज्याच्यावर अत्याचार केला त्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहायचे, अशी ती रीत होती. कल्पना इतकी सुसंगत की, कोणालाही पटावी.

पण पटणे निराळे आणि सिद्ध होणे निराळे. कॅलिफोर्नियात १९८५ ते १९९५ या काळात एक कसोशीचा प्रयोग झाला. उपचाराला राजी असलेल्या कैद्यांचे, जणू चिठ्ठ्या टाकून, दोन भाग केले. एकाला उपचार दिला, दुसऱ्याला नाही. २००५ साली निकाल लागला, तेव्हा दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मौज अशी की, त्याच वर्षी लोझेल आणि श्मुकर या जर्मन अभ्यासकांनी ६९ अभ्यासांची बेरीज मांडली. तीत उपचार घेतलेल्यांपैकी शेकडा ११ आणि न घेतलेल्यांपैकी शेकडा साडेसतरा जण पुन्हा त्याच वाटेला गेले होते.

खरा धक्का बसला २०१७ साली. इंग्लंडच्या न्यायखात्याने उपचार घेतलेल्या २,५६२ जणांची १३,२१९ इतरांशी तुलना प्रसिद्ध केली. सरासरी आठ वर्षांत उपचारितांपैकी शेकडा १० जणांनी पुन्हा तसाच गुन्हा केला होता. इतरांपैकी शेकडा ८ जणांनी. पंचवीस वर्षे चालविलेली योजना सरकारने बंद केली व तिच्या जागी नवी आणली.

असे का व्हावे? वर्तुळात बसून एकमेकांचे गुन्हे ऐकता ऐकता ते वर्तन नेहमीचेच वाटू लागले असेल, अशी एक शंका त्या अहवालानेच बोलून दाखविली. येथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, हेही विसरता कामा नये. उपचाराला धाडलेले मुळातच अधिक धोक्याचे असू शकतील. शिवाय हे सारे आकडे उघडकीस आलेल्या गुन्ह्यांचे. भीतीने वा लाजेने दडपलेले गुन्हे कोणत्याच वहीत नसतात.

२०१९ साली आणखी एक मोठी बेरीज झाली. तीत पुन्हा उपचाराच्या बाजूने कौल मिळाला: शेकडा साडेनऊ विरुद्ध चौदा. आणि जेथे शिकलासवरलेला मानसशास्त्रज्ञ सतत हजर होता, तेथे गुण अधिक आला.

मला मात्र कॅनडातल्या हॅमिल्टन गावची हकीकत अधिक बोलकी वाटते. १९९४ साली असा एक गुन्हेगार पुरी शिक्षा भोगून सुटला. त्याच्यावर सरकारी देखरेख उरली नव्हती आणि गाव खवळले होते. तेव्हा हॅरी नाय या मेनोनाइट पाद्र्याने चार माणसे जमविली. त्यांनी त्याला रोज भेटावे, अडीअडचणीला धावावे आणि पाऊल वाकडे पडताना दिसले तर तोंडावर जाब विचारावा. माया आणि पाळत एकाच हाताने. ही रीत पुढे इंग्लंड-अमेरिकेत पसरली. मिनेसोटात तिची चिठ्ठ्या टाकून परीक्षा झाली. माणसे शंभरच होती, पण निकाल आशेचा लागला.

तेव्हा खोड जाते काय? माझे उत्तर असे की, पुष्कळांची जाते, काहींची जात नाही, आणि कोणत्या औषधाने जाते हे वैद्याच्या सद्भावनेवरून ठरत नाही. इंग्लंडच्या योजनेत कळकळीची माणसे होती. कळकळ पुरली नाही. परंतु आपलेच अपयश मोजून ते छापण्याचे धैर्य त्या देशाने दाखविले, हे मला मोलाचे वाटते. शेकडा चौदाचे साडेनऊ झाले म्हणजे काय झाले? चार-पाच घरांतली लेकरे यंदा निर्धास्तपणे पणत्या लावीत असतील. आपण कशातून वाचलो, हे त्यांना कधी कळणारही नाही.