सन्मान आणि भय

मातापित्यांविषयीची आज्ञा आपण कॅथलिक चौथी म्हणून पाठ करतो. यहुदी परंपरेत ती पाचवी होय. निर्गमाच्या २० व्या अध्यायात 'पित्याचा व मातेचा सन्मान कर' असा क्रम आहे. लेवीयाच्या १९ व्या अध्यायात मात्र 'माता व पिता यांचे भय धर' असे म्हटले आहे. हा क्रमभेद रब्बींच्या नजरेतून सुटला नाही. गोड बोलून समजावणाऱ्या आईचा सन्मान मूल आपोआप करते, म्हणून तेथे पिता प्रथम; शिकवणाऱ्या बापाचे भय त्याला आपोआप वाटते, म्हणून येथे माता प्रथम. दोघे समान आहेत, हा त्याचा इत्यर्थ.

तालमूदने या दोन शब्दांना रोजच्या व्यवहाराचा अर्थ दिला. सन्मान म्हणजे आईबापांना खाऊपिऊ घालणे, वस्त्र नेसविणे, हात धरून आत-बाहेर नेणे. भय म्हणजे त्यांच्या जागी न बसणे, त्यांचे बोलणे न खोडणे. प्रेम वाटलेच पाहिजे, असे येथे म्हटलेले नाही. भावना ओसरली तरी कर्तव्य उरते.

परंतु नुसती कृतीही पुरेशी नाही. तालमूदातीलच एक कथा पाहा. एक मुलगा बापाला पुष्ट कोंबड्या खाऊ घाली. पण 'हे कोठून आणलेस?' असे विचारताच 'म्हाताऱ्या, मुकाट्याने खा' म्हणून खेकसे. दुसऱ्याने बापाला जात्यावर बसविले. कारण राजाने दळणाऱ्यांना वेठीस बोलावले होते आणि तेथील अपमान व मार त्याला स्वतः सोसावयाचा होता. पहिला नरकात गेला, दुसरा स्वर्गात.

देवाला वाहिलेले 'कुर्बान' असे सांगून आईबापांच्या वाट्याचे धन रोखणाऱ्यांना प्रभू येशूने कठोर शब्दांत फटकारले (मार्क ७), ते याच आज्ञेच्या रक्षणासाठी. देवाचे नाव पुढे करूनही हे ऋण चुकविता येत नाही.

आईबापांची बुद्धीच भ्रमली तर? बाराव्या शतकात मायमोनिदीस लिहितो : शक्य तोवर त्यांच्या कलाने वागावे, अगदीच असह्य झाले, तर योग्य माणसांवर शुश्रूषा सोपवून दूर व्हावे. त्याचा समकालीन रब्बी अब्राहाम बेन दाविद यास हे मान्य नव्हते. मुलगाच निघून गेला, तर त्यांना सांभाळण्यास कोणाला सांगावयाचे, असे त्याने विचारले.

वृद्धाश्रमाचा अर्ज भरणाऱ्या आजच्या मुलांना आम्ही दोष देत नाही. मायमोनिदीसनेही दिला नसता. मात्र सही करण्यापूर्वी त्या दुसऱ्या रब्बीचा प्रश्न त्यांनी एकवार स्वतःला विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.